व्हॅन कुठे कुठे बंद पडली

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

वडनेर भोलजी, ता. नांदुरा
१० नोव्हेंबर २०२५

ती. स्व. भाऊस,
कौशल्येचा शिरसाष्टांग नमस्कार.

भाऊबीजेचं पार्सल पोचलं. मिळालं ते असं: लुगडं एक, चिवड्याचा डबा एक, तुझ्या हातची चिठ्ठी एक. स्टँडवरच्या माणसाने पार्सल उतरवायचे तीस मागितले, वीस दिले. गाडीवर खर्च झाला तो वेगळा: प्लग तीन, तीनशे नव्वद. कार्बोरेटरची सफाई, सहाशे. मिस्त्रीचा चहा दोन वेळा, चाळीस. एवढं करून गाडी बंद पडते ती पडतेच, म्हणून हे पत्र.

फोन केला असता, पण तुझे कान गेल्यापासून फोन म्हणजे प्रज्वलशीच बोलणं. तो म्हणतो, "आत्या, बाबांना गाड्यांचं काही सांगू नका, त्यांना त्रास होतो." लेकाची काळजी खरी आहे. पण भाऊ, नांदुऱ्यात चाळीस वर्षं तुझं गॅरेज होतं. रस्त्याने जाणारी गाडी नुसती ऐकून तू म्हणायचास, "हिचा मधला प्लग गेला." मग मी दुसऱ्या कोणाला विचारू?

आता हकीकत. यांची व्हॅन तुला माहीत आहेच, शहाण्णव सालची, पांढरी, उजव्या दाराला पोचा. हे गेल्यापासून ती गोठ्याशेजारी उभी आहे. गणेशला चारचाकी येत नाही आणि शिकायचीही नाही. मी मात्र दर अमावस्येला हळद-कुंकू वाहून ती सुरू करते, एक आरती होईपर्यंत चालू ठेवते आणि बंद करते. यांनीच शिकवलं होतं, चोक किती ओढायचा ते. तेवढ्यात ती कधी बंद पडली नाही.

आता सूनबाईने, छायाने, नांदुऱ्याला जाऊन लायसन काढलं. तिचं म्हणणं, वांगी-मेथी व्यापाऱ्याच्या गाडीत कशाला घालायची, आपण आपल्या व्हॅनमध्ये बाजारात न्यावी. गणेश म्हणतो, "भंगार आहे ते, आई. भंगारवाला एकतीस हजार देऊन राह्यला." छाया म्हणाली, "मंग मलेही तोलून द्या त्याले. लग्नाला अकरा वर्षं झाले, भाव आला असंल." हसावं की रागवावं मला कळेना.

शेवटी ठरलं ते असं. गाडीची पासिंग दहा फेब्रुवारीला संपते. त्याआधी ती राजूर घाट चढून बुलढाण्याच्या ऑफिसात गेली पाहिजे. संक्रांतीपर्यंत ती भरवशाची झाली तर ठेवायची, नाही तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल. गणेशने त्याला तसा शब्द दिला आहे.

छाया परवा ती घेऊन निघाली. छान गेली. नांदुरा ओलांडला, आणि अठरा किलोमीटरवर बंद. अर्धा तास उभी राहिली, मग अशी सुरू झाली की काही झालंच नाही. मिस्त्री म्हणतो इंजिन उतरवावं लागेल, पंचेचाळीस हजार. मी त्याला म्हटलं, तू आधी चहा पी.

तुझी बहीण,
कौशल्या


पुणे
१८ नोव्हेंबर २०२५

चि. कौशीस शालिग्रामचा आशीर्वाद.

पत्र भेटलं. तीनदा वाचलं. प्रज्वल म्हणे, आत्यानं काय लिहिलं? मी म्हटलं, लुगडं आवडलं म्हणते.

इथं माझं बरं आहे. पयले मी बोललो की सोसायटीतले लोक गालात हसत. आता मले ऐकूच येत नाही, तर हसले काय अन् नाही काय. कानात एक मशीन बसवलं आहे, पण त्यात पंख्याचा आवाज माणसापेक्षा मोठा येते. म्हणून काढून डब्यात ठेवतो.

बाई, खरं सांगू? मी आता मेकॅनिक नाही. मी गाडी कानानं पाह्यत होतो, हातानं नंतर. कान गेले अन् दुकान गेलं. पण तू विचारलं आहे तर मी उलट विचारतो, तू नीट पाहून लिव.

एक. गाडी बंद होते ती दिवा विझल्यासारखी एकदम, का उपाशी माणसासारखी लडखडत? एकदम होत असंल तर करंटचं काम. लडखडत असंल तर पेट्रोल पोचत नाही.

दोन. बंद पडली की लगेच कॉइलले, जी प्लगले करंट देते तिले, हात लावून पाहा म्हणा छायाले. हात ठेववत नसंल तर कॉइल गरम होऊन दगा देते, थंडी झाली की पुन्हा कामाले लागते. तुया लक्षणाले ते जुळते.

तीन. वही ठेव. तुले वही ठेवा म्हणजे कोंबडीले दाणे टिप म्हणल्यासारखं आहे, पण ठेव. कोणत्या दिवशी, किती पेट्रोल, किती दूर गेली, कुठं थांबली.

इंजिन उतरवू देऊ नको. त्या गाडीचं इंजिन मी अन् पंजाबरावानं दोघांनी मिळून बांधलं होतं. आठवते का, पंधरा दिवस माझ्या गॅरेजात खाटेवर झोपला होता तो. मी म्हणो घरी जा, अन् तो म्हणे, "शालिग्रामभाऊ, तुम्ही एखादा नट घरी घेऊन गेले तं?" तुझा नवरा, माझा पाव्हणा, म्हणून सोडला. पह्यल्यांदा सुरू केलं तव्हा त्यानं आधी नारळ फोडला, अन् मी आधी कान लावला. तो आवाज अजून माझ्यापाशी आहे. बाहेरचा कोणताच राहिला नाही, तो राहिला.

तुझा भाऊ,
शालिग्राम


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

वडनेर भोलजी
२ डिसेंबर २०२५

ती. स्व. भाऊस सा. न.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मिस्त्रीने नवी कॉइल बसवून दिली. काही फरक पडला नाही. जुनी मी परत मागून घेतली आणि कोनाड्यात ठेवली आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती एकदम विझत नाही. आधी उचकी लागते. मग ताक घुसळताना रवी अडावी तशी गुरगुर, मग दोन हिसके, आणि शांत. रॉकेलच्या स्टोव्हमधलं रॉकेल संपत आलं की तो जसा फक-फक करून जातो, अगदी तसं. छाया म्हणाली, "आई, तुम्ही तं आवाजाचंही लोणचं घालता." मी म्हटलं, गणेशच्या मामाजींना कळेल असं लिहायला पाहिजे ना.

पेट्रोल पोचत नाही हे मग आम्हालाही पटलं. छाया म्हणाली, टाकीत वर्षानुवर्षांचा गाळ असेल, पेट्रोल वरपर्यंत भरलं तर पोचेल. मला ते जिवावर आलं, पण भरलं. पेट्रोल गणेश कॅनमधून आणतो आणि ओतते मीच. पंपावरची पोरं सांडतात, आणि सांडलेलं मोजून घेतात.

वहीतली पानं उतरवून देते.

८ नोव्हेंबर. टाकी पाव. अठरा किलोमीटरवर बंद. अर्ध्या तासाने सुरू.
२२ नोव्हेंबर. पंधरा लिटर टाकलं. आठ किलोमीटरवर बंद. नांदुऱ्याच्या अलीकडे.
२८ नोव्हेंबर. आणखी नऊ लिटर टाकलं, टाकी जवळजवळ भरली. दोन किलोमीटरवर बंद. गावचा मारुतीही ओलांडला नाही.

म्हणजे दुखणं वाढतच चाललं आहे. गावातल्या एकाने सांगितलं म्हणून छायाने इंजिनाच्या पंपावर ओला फडका ठेवला. वीस मिनिटांनी सुरू झाली, तेव्हा वाटलं उन्हाचंच आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, थंडीत, पुन्हा बंद. गणेश बांधावरून बघत होता. काय म्हणाला ते लिहीत नाही.

बंद पडलेल्या गाडीत छायाशेजारी बसून राहते तेव्हा मागचं सगळं डोळ्यांपुढून जातं. दर गुरुवारी हे गावातल्या बायका घेऊन शेगावला जायचे. नऊ जणींची जागा आणि तेरा जणी. झुंबरबाई दाराशी बसायची, दार उघडलं की आधी तिची पिशवी बाहेर पडायची आणि मग ती. परत येताना सगळ्या गजर करायच्या, आणि हे आरशातून माझ्याकडे बघून म्हणायचे, "कौशल्याबाई, इंजिन सुरात आहे, पण मागची बाकं बेसूर आहेत." रोहिणखेडच्या लग्नाला गेलो तेव्हा परतताना पाऊस लागला, एक वायपर मोडला. यांनी हात बाहेर काढून दोरीने तो ओढत सतरा किलोमीटर गाडी आणली. एका हाताने गाडी, एका हाताने वायपर. मी दिव्याची वात पुढे करावी तशी त्यांच्या अंगावर शाल सारत होते.

ते सगळं भंगारात एकतीस हजाराला जाणार. वजनावर.

काय करू ते लवकर कळव. दिवस फार नाहीत.

कौशल्या


पुणे
२६ डिसेंबर २०२५

चि. कौशीस आशीर्वाद.

तुले वाटलं असंल भाऊ रागावला. तुझं पत्र प्रज्वलनं टीव्हीखालच्या खणात ठेवलं होतं. काल लाइटचं बिल शोधता शोधता सापडलं. मी त्याले रागावलो नाही. माझ्या बापानंही माह्यं मिलिट्रीचं बोलावणं असंच लपवलं होतं, म्हणून तर मी नांदुऱ्यात पाना धरला. लपवणारा वाईटच असते असं नाही. पण चोवीस दिवस गेले.

आता ध्यान देऊन वाच.

मी तुझं वहीचं पान हातात घेऊन बसलो, अन् जेवायले उठलो नाही. सून तीनदा बोलावून गेली म्हणे. कौशी, तू लिहिलं आहे दुखणं वाढून राह्यलं. नाही. नीट पाह्य. पेट्रोल कमी होतं तं अठरा किलोमीटर गेली. पंधरा लिटर टाकलं तं आठ. टाकी भरली तं दोन. जेवढं जास्त पाजलं तेवढी लवकर बसली. गाळ असता तं उलटं झालं असतं. पंप मेला असता तं टाकीचं त्याले काय? कॉइलले तं टाकीत किती आहे हे माहीतही नसते.

हे श्वासाचं दुखणं आहे.

तू आंब्याच्या रसाचं टिन उघडताना एक भोक पाडलं तर रस धड येत नाही, गुडगुड करून थांबते. दुसरं भोक पाडलं की धार लागते. काऊन? रस बाहेर यायचा तं हवा आत जायले पाह्यजे. गाडीच्या टाकीचंही तेच. पेट्रोल खाली जाते तेवढी हवा वरून आत यावी लागते. ह्या जुन्या गाडीत ती टाकीच्या झाकणातल्या बारीक भोकातून येते. ते भोक बुजलं की पंप ओढते, ओढते, अन् मंग त्याचा दम तुटते. टाकी रिकामी असली तं आत हवा भरपूर, गाडी लांब जाते. टाकी भरली तं आत हवा चिमूटभर, ती दोन किलोमीटरातच संपते. अर्धा तास उभी ठेवली की कुठून ना कुठून थोडी हवा झिरपते, अन् गाडी पुन्हा चालते. तुमचा ओला फडका फुकटात देव झाला.

आता एक काम कर. गाडी पुन्हा बंद पडू दे. पडली की कोणालेच काही करू देऊ नको. तू खाली उतर अन् टाकीचं झाकण हळूच फिरव. जवळ कान ने. झोपलेलं माणूस दचकून श्वास घेते तसा "स्सू" आवाज आला, तं रोग सापडला. मले तो ऐकू येणार नाही. माझ्या वाटचा तूच ऐक.

अन् झाकणाले काय झालं आहे ते पाहून लिव. गंज असंल, गांधिलमाशीनं घर केलं असंल. एवढ्याशा भोकाले बुजवायले कितीक लागते?

शालिग्राम


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

वडनेर भोलजी
२ जानेवारी २०२६

ती. स्व. भाऊस सा. न.

हे पत्र मी देवघरात बसून लिहिते आहे, आणि हे कोणाला वाचून दाखवू नकोस. प्रज्वललासुद्धा नाही.

गांधिलमाशी नाही आणि गंजही नाही. झाकण मी बांधलं आहे.

हे अठ्ठावीस जानेवारीला गाडीत पेट्रोल भरून आले होते. वहीत त्यांच्याच हातचं लिहिलेलं आहे: "व्हॅन, पेट्रोल, २० लिटर." त्यांचे आकडे तुला माहीत आहेत, दोनाला केवढी शेपटी. त्यानंतर बाराव्या दिवशी ते गेले. वहीत ती त्यांची शेवटची ओळ. पुढच्या सगळ्या माझ्या.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मी गोठ्यात शेण काढायला गेले तर गाडीजवळ पेट्रोलचा वास आला. तेव्हा मनात आलं, यांनी भरलेलं आहे आणि ते असं रोज थोडं थोडं उडून चाललं आहे. लोणच्याच्या बरणीला बांधतो तसं बांधलं. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक दोन पदरी टाकीच्या तोंडावर, त्यावर झाकण घट्ट, त्यावर मेणकापड आणि सुतळीचे सात फेरे. वरची झडप लावली की बाहेरून काही दिसत नाही. वास थांबला. मला झोप लागली.

तू म्हणशील, पुढे वरून पेट्रोल घातलंच की. घातलं. पण कधी टाकी रिती होऊ दिली नाही. दह्याचं विरजण कसं असतं, रोज नवं दूध, पण भांड्यात कालचं थोडं उरतंच. माझ्या सासूचं विरजण मी अजून मोडलेलं नाही. तसं टाकीच्या तळाशी यांचं थोडं असेलच, असं मी धरून चालले. म्हणून पेट्रोल कॅनमधून, आणि ओतणारी मी, पुन्हा बांधणारीही मी. छायाला वाटतं सासू चिकट आहे. तेही खरंच आहे, पण त्या बाबतीत ते नव्हतं.

तुझं पत्र वाचताच कळलं. रसाच्या टिनापाशी आले आणि सुतळीचे फेरे आठवले. चार वर्षं मी जिला जपते म्हणत होते तिचं नाक दाबून बसले होते.

आणि भाऊ, आता खरी लाज. पत्र येऊन तीन दिवस झाले. मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. काल छाया गाडी काढून निघाली, दीड किलोमीटरवर बंद. मी शेजारीच होते. तोंडात शब्द होता, उतरावं आणि सुतळी कापावी. उतरले नाही. छाया स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. म्हणाली, "जाऊ द्या, आई. द्या देऊन भंगारात. माह्यानं नाही होत आता. रोज त्या बांधावर उभे राहून हसतात ते." एवढी तोंडाची तिखट पोर, तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं मी. तरी सुतळी तशीच.

झाकण मोकळं केलं तर गाडी राहील आणि यांचं जाईल. बांधून ठेवलं तर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही जातील. एवढा सोपा हिशेब मला सुटत नाही. मॅट्रिकला गणितात एकोणसत्तर मार्क होते म्हणे.

तू सांग. तू म्हणशील तसं करीन.

कौशल्या


पुणे
८ जानेवारी २०२६

चि. कौशीस आशीर्वाद.

पत्र प्रज्वलनं आपल्या हातानं आणून दिलं अन् शेजारी बसून राह्यला. मी त्याले एवढंच सांगितलं, आत्याले माझी गरज आहे. तो स्पीड पोस्टाचं पाकीट घेऊन आला.

आता मी तुले एक गोष्ट सांगतो, जी चार वर्षं सांगितली नाही. रागवशील तं रागव.

पंजाबरावाच्या अस्थी घेऊन आम्ही चांगदेवच्या संगमावर गेलो होतो. व्हॅन मी चालवली. तू घरी होती. जाताना सगळं बरोबर होतं. परतताना मुक्ताईनगरच्या अलीकडे गाडी बंद पडली. मी काटा पाह्यला तं खाली पडलेला. त्या पंधरा दिवसात कोण कुठं गाडी घेऊन गेलं होतं, कोण डॉक्टराले आणायले, कोण लाकडं आणायले, कोण पाव्हण्याले सोडायले, कोणी पेट्रोल टाकलं नाही. टाकी कोरडी होती बाई. ठाक. मी झाकण उघडून आत काडी घातली, कोरडी निंघाली.

गणेश मागच्या बाकावर मेल्यासारखा झोपला होता. चार रात्री जागला होता तो. मी एका ट्रकवाल्यापासून चार लिटर घेतलं, अन् पुढं पंपावर आणखी दहा. पैसे मी दिले. तुले सांगितलं असतं तं तेराव्याच्या गडबडीतही तू पदराची गाठ सोडून माझ्या हातात पैसे कोंबले असते. म्हणून बोललो नाही.

तं कौशी, ज्याले तू लोणच्यासारखं बांधून ठेवलं ते पंजाबरावाचं नोहे. माझं आहे. चार वर्षं तू आपल्या भावाचं पेट्रोल जपलं. आता काय म्हणू तुले?

त्याचं जे होतं ते त्यालेच पोचवण्यात संपलं. याच्यापेक्षा चांगलं कुठं लागावं?

झाकण सोड. सुतळी काप. माह्यं उडालं तं उडू दे.

शालिग्राम


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

वडनेर भोलजी
२४ जानेवारी २०२६

ती. स्व. भाऊस सा. न.

तुझं पत्र भोगीच्या दिवशी दुपारी आलं. मी तीळ लावलेल्या भाकरी थापत होते. हात धुतले, वाचलं, आणि आधी काय केलं ते सांगते. त्या साली घरात कोण आलं, कोण गेलं, गाडी कुठे गेली, ते सगळं माझ्या वहीत आहे. लाकडांची फेरी, डॉक्टरांची फेरी, मलकापूरची फेरी. वीस लिटरमधून ते वजा केलं की टाकी कोरडी पडली होती की नव्हती हे पाच मिनिटांत कळलं असतं.

वही काढली. पाटावर ठेवली. त्यांच्या शेपटीच्या दोनावर हळद-कुंकू वाहिलं आणि वही न उघडता… नाही, त्या पानाच्या पुढे न उलटता, परत फडताळात ठेवून दिली. गणेशलाही काही विचारलं नाही. आयुष्यात एकच हिशेब मी मांडायचा सोडला आहे, भाऊ. तो तुझ्याजवळ राहू दे.

मग छायाला हाक मारली. म्हटलं, "विळी घेऊन ये आणि गाडीजवळ चल." सगळं सांगितलं, दोन आठवडे गप्प बसले ते धरून. ती सुतळीचे फेरे मोजत होती. "सात? आई, सात जन्माचे का?" म्हणाली. मग मला रडू आलं आणि तिलाही. विळी तिने माझ्याच हातात दिली.

मी सुतळी कापली. झाकण फिरवलं. गाडी कालपासून उभीच होती, तरी आत दम कोंडलेला होता. आवाज आला. तू लिहिलास तसा दचकल्यासारखा नव्हता. दिवसभर डोईवर भारा आणलेली बाई ओट्यावर तो टाकते आणि टेकते, तेव्हा तिच्या तोंडून निघतो तसा. तुझ्या वाटचा ऐकला. प्लास्टिक धुऊन वाळत घालायला निघाले तर छायाने ते हातातून काढून घेतलं आणि चुलीत टाकलं.

त्याच संध्याकाळी गणेशला मागे आणि मला पुढे बसवून ती निघाली. मारुती गेला, नांदुरा गेला, अठरावा किलोमीटर गेला. गणेशने श्वास रोखून धरला होता, मला आरशात दिसत होतं. चाळिसावर ती वळली आणि घरी आली. गणेश उतरून गाडीला एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "भंगारवाल्याले फोन करतो. म्हणतो, माल जिता निंघाला." छाया म्हणाली, "माह्यंही सांगा, तोलायचं रद्द."

परवा गुरुवारी पासिंगला गेलो. मोताळा सोडलं आणि राजूर घाट सुरू झाला तशी मी हातात जपमाळ धरली. दुसऱ्या वळणावर पुढे उसाचा ट्रॅक्टर, आम्ही मागे, छाया पहिल्या गिअरमध्ये. जपाचे मणी माझ्याकडून उलटे सरकत होते. पण उचकी नाही, हिसका नाही. वर सपाटीला लागलो तेव्हा छायाने एवढंच विचारलं, "बाबा इथं थांबत होते का, आई?" म्हटलं, "थांबत होते. चहासाठी नाही, इंजिनाला वारा लागावा म्हणून." ती थांबली. दोघींनी डबा खाल्ला.

ऑफिसातल्या साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, पोच्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "चालवते कोण?" छाया म्हणाली, "मी. अन् ह्या मालकीण." पाच वर्षांची पासिंग मिळाली. छायाला त्याच दिवशी परत येताना देऊळघाटच्या एका बाईने मेथीच्या जुड्या मलकापुरात पोचवायला सांगितल्या, पण तो रस्ता आपला नाही म्हणून नाही म्हटलं. गेल्या बुधवारपासून आपली वांगी आपल्या गाडीत जातात. गणेश माल भरतो. गिअर कसा टाकतात ते तो तिरक्या डोळ्यांनी बघतो, विचारत नाही.

आता माझं काम. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, हे तुला मी सांगायला नको. छायाचं म्हणणं, तिसऱ्या गिअरला बारीक थरथर येते, ती तिला तळव्याला कळते पण कसली ते कळत नाही. मी म्हटलं, मामाजींना ऐकू येत नाही. ती म्हणाली, "कोण ऐका म्हणते? बसा म्हणा त्याहिले सीटवर." प्रज्वलशी मी स्वतः फोनवर बोलले आहे. तो एवढंच म्हणाला, "आत्या, परतीचं तिकीट काढू का नको?" मी म्हटलं, ते बाबांना विचार.

गाडी नांदुरा स्टेशनच्या बाहेर उभी राहील, छाया चालवायला. मी पुढे बसणार नाही, ती जागा तुझी. तू कोणत्या तारखेच्या कोणत्या गाडीने निघतोस, आणि भाकरी ज्वारीची खातोस की डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं आहे, एवढं उलट टपाली कळव.

तुझी बहीण,
कौशल्या